नारळ सुखरूप उतरला

भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या जुन्या वस्तीला पाठ लावून, 'सागर-पवन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी (नियोजित)' ही तळ अधिक चार मजल्यांची इमारत उभी आहे. सागर तिथून दिसत नाही, पवन आत शिरत नाही आणि पाटी रंगवली त्या दिवसापासून कंसातला शब्द काही पुसला गेलेला नाही. सोसायटी नियोजित आहे. माणसं मात्र राहायला आली, त्यांची मुलं इथल्याच फरशीवर रांगली, शाळेत गेली, दहावीला बसली. दोन हजार आठ साली या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जितेश पाटील नावाचा गृहस्थ, अजून बाहेर न पडलेल्या एका लिनक्स डेस्कटॉपची चाचणी घेत होता. गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. पण तिच्यापायी एका म्हातारीला भाचीच्या हळदीला मुकायची वेळ आली, म्हणून ती इथे क्रमाने नमूद करीत आहोत.

जितेश स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात बिलांचे संगणक सांभाळायचा. ती पोटापाण्याची बाब. त्याचं खरं आयुष्य बाहेरच्या खोलीत, कपाटाशेजारच्या टेबलावर होतं. परदेशातली काही हौशी मंडळी मिळून लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीसाठी एक नवा डेस्कटॉप घडवत होती. म्हणजे संगणक चालू केल्यावर समोर जे अंगण दिसतं, ते. अंगण अजून अर्धं सारवलेलं होतं. ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं, वापरून बघावं, मोडलं तर कळवावं, अशी त्यांची साऱ्या जगाला विनंती होती. जगाने तिकडे लक्ष दिलं नाही. जितेशने दिलं.

त्या मंडळींची आणखी एक सूचना होती: ही कच्ची आवृत्ती खऱ्या यंत्रावर बसवू नये. जितेशला ही सूचना फार आवडली. तो ती व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवायचा. व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात मांडलेला खोटा संगणक. त्याला खोटी डिस्क, खोटा पडदा, खोटी मेमरी. आत आग लागली तरी बाहेर धूर येत नाही. भातुकलीच म्हणा ना; चूल पेटलीय, भात रटरटतोय, पंगत बसलीय, फक्त कुणाचं पोट भरत नाही. या विद्येत बाहेरच्या संगणकाला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. पाहुणा आला की यजमानाची अर्धी मेमरी खाऊन बसायचा, आणि यजमान पाहुणे आलेल्या घरातल्या यजमानासारखाच हळूहळू, अवघडून चालायचा.

आत काही मोडलं की जितेश शिस्तीत कळवायचा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. एकदा पलीकडून उत्तर आलं, 'तपासल्याबद्दल आभार.' ते त्याने बायकोला, संचिताला, दोनदा वाचून दाखवलं.

"मोरीतला नळ गळतोय तोपण त्यांनाच कळवायचा का?" संचिताने विचारलं.

"तो वेगळा विभाग," जितेश म्हणाला, आणि पाहुण्याकडे वळला.

ज्या जागेवर सागर-पवन उभी आहे, ते जितेशच्या आईचं, इंदुबाईंचं भाताचं शेत. बिल्डरने शेत घेतलं आणि बदल्यात घर दिलं. आडवं होतं ते शेत उभं झालं आणि इंदुबाईंच्या वाट्याला त्याचा शेंडा आला. गेटापाशी बांधाचा एक तुकडा तेवढा उरला होता आणि त्यावर एक भेंडीचं झाड; भाजीची नव्हे, ती पिवळ्या फुलांची, सावली धरणारी भेंडी. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तिने त्याच भेंडीखाली ओल्या पायांनी भाकर खाल्लेली. ते झाड तोडायची परवानगी अजून यायची होती, म्हणून ते उभं होतं.

इंदुबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागाहून येतो, आधी धवलारीण लागते. हळद लागायची ती तिच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नगीतांवर. देवांना आवतण तीच देते, नवरीला तीच रडवते आणि तीच हसवते. राई गावापासून चेण्यापर्यंत किती मांडव तिच्या गळ्यावर उभे राहिले, ते मांडवांनाच माहीत. पण मागच्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून ती खिडकीशी खाट टाकून बसलेली. डॉक्टर वर यायचा, भाजी वर यायची, मासळीवाली खालून ओरडायची. इंदुबाई खाली जात नव्हती.

अशात राईहून तिचा भाऊ धर्मा अक्षता घेऊन आला. त्याच्या चांदणीचं लग्न ठरलं होतं.

"बाय, तुला यावाच लागल," धर्मा म्हणाला. "तू न्हाय आलीस तं हलद कोन लावल? माज्या हलदीला तूच धवले म्हनलीस, माज्या पोरीला टेप लावू का आता?"

"येन रं मी," इंदुबाई म्हणाली. "लिफ्ट हाय ना."

लिफ्ट होती, हे कुणालाही नाकारता आलं नसतं. तिला दार होतं, आरसा होता, वर पंखा होता. फक्त माणूस बसवायचा परवाना नव्हता. परवान्याला सोसायटी नोंदलेली लागे. सोसायटी नोंदवायला इमारत पूर्ण झाल्याचा दाखला लागे. आणि दाखला द्यायला आलेला साहेब पहिला प्रश्न विचारी, 'लिफ्ट चालू आहे का?' तेव्हा लिफ्टच्या दारावर 'ट्रायल चालू आहे' अशी पाटी लागली आणि दर रविवारी कमिटी लिफ्टची चाचणी घेऊ लागली. माणूस बसवता येत नसल्यामुळे आत नारळ ठेवत. सेक्रेटरी शशिकांत खेडेकर चौथ्या मजल्यावर नारळाला निरोप द्यायचे, मग जिन्याने धावत खाली जाऊन त्याचं स्वागत करायचे. फळ्यावर नोंद व्हायची: 'नारळ सुखरूप उतरला.' पुढे भरलेला सिलिंडर उतरला, तांदळाची गोण उतरली. इंदुबाई दार उघडं टाकून हे बघत बसायची.

"जितू," ती म्हणायची, "मी नारल झाले असते तं बरा झाला असता."

रोज सकाळी ती विचारायची, "परवाना आला का?" रोज जितेश म्हणायचा, "येईल, आये." शेवटी एका शनिवारी त्याला राहवलं नाही. आईसाठी काहीतरी केलंच पाहिजे, असं त्याला आतून वाटलं, आणि आतून काही वाटलं की तो संगणकाकडे जायचा.

त्या नव्या डेस्कटॉपची एक खुबी होती. एकाखाली एक असे कितीही पडदे रचता येत आणि बाणाचं बटण दाबलं की वरचा पडदा अलगद वर सरकून खालचा समोर यायचा. जितेशने कारखान्यातला डिजिटल कॅमेरा मागून आणला. प्रत्येक मजल्याचा, लिफ्टच्या दारातून दिसेल तसा फोटो काढला. चौथ्यावर स्वतःचं दार. तिसऱ्यावर वाळत घातलेल्या चादरी. दुसऱ्यावर मितेशभाईंच्या दाराचं तोरण. पहिल्यावर विमलाबाईंची तुळस. आणि तळाला गेट, बांधाचा तुकडा, भेंडी. पाच फोटो पाच पडद्यांवर लावले, आईला धरून आणून खुर्चीत बसवलं आणि बाण दाबला.

चौथा मजला वर गेला. चादरी आल्या, गेल्या. तोरण आलं. तुळस आली. आणि मग भेंडी आली आणि थांबली.

इंदुबाईने पडद्याला हात लावला. पानांवरून बोट फिरवलं, म्हाताऱ्या माणसाच्या गालावरून फिरवावं तसं.   परदेशातल्या त्या मंडळींना आपलं हे सगळं कळवावं असं जितेशला वाटलं.

"आले गो खाली," ती हलकेच म्हणाली. मग बोट काढून घेत, "पन जितू, वारा न्हाय लागला."

जितेशने ते टिपून घेतलं. काय केलं: तळमजल्यावर आलो. काय व्हायला हवं होतं: वारा. प्रत्यक्षात काय झालं: वारा नाही. सुधारणेची विनंती म्हणून त्याने हे खरोखरच पाठवलं. तीन समुद्रांपलीकडे कुणीतरी ते वाचून डोकं खाजवलं असेल.

दुसऱ्या दिवशी रविवार. तळमजल्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून कमिटी बसली होती. जितेशने विषय मांडला.

"काका, एकदाच. हळदीच्या दिवशी सकाळी. आईला फक्त खाली उतरवायचंय."

खेडेकरांनी चष्मा कपाळावर ढकलला. ते रत्नागिरीकडचे, आयुष्य एका सरकारी कचेरीत गेलेलं. "जितेश, मी काय म्हणतो, भावना समजू शकतो. पण नारळ वेगळा, माणूस वेगळा. नारळाचे वारस दावा लावत नाहीत."

"आता अगली चाचणी कशाची आहे, शशिकांतभाई?" चेअरमन मितेशभाईंनी विचारलं.

"रेतीच्या पोत्यांची. माणसाच्या वजनाइतकी."

"तो फिर रेती कशाला? इंदुबा बसतील ना! लिखो, चाचणीचं वजन. माणूस लिहायचंच नाही. एकदम सिंपल छे."

 खेडेकरांनी डोळे मिटून सगळे नियम आठवून पाहिले. चाचणीचं वजन निर्जीवच असावं, असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पडला. "हरकत नाही," ते म्हणाले. "आईचं वजन किती रे?"

जितेशला ठाऊक नव्हतं. पाहुण्याला किती मेमरी दिलीय ते त्याला तोंडपाठ होतं. आईचं वजन ठाऊक नव्हतं.

"असो, अंदाजे घालू," खेडेकर उदार होऊन म्हणाले. "हळदीच्या सकाळी इंदुबाईंची चाचणी. मंजूर."

झालं होतं. इथे जितेशने आभार मानून घरी जायला हवं होतं, आणि ही गोष्ट लिहायची गरजच पडली नसती. पण इतक्या वर्षांची शिस्त अंगात मुरलेली. त्याच्या तोंडून निघून गेलं:

"काका, पण थेट खऱ्या लिफ्टवर?"

"म्हणजे?"

"नाही, आमच्यात असं करत नाहीत. आधी व्हर्च्युअलमध्ये करून बघतात. तिथे मोडलं, तर खऱ्यात नेतच नाहीत. खऱ्याला धक्का लागत नाही." आणि मग, अंगात आलेल्याला थांबवता येत नाही तसं, "माझ्याकडे तयारच आहे. काल बनवलीय."

कमिटी जिन्याने चौथ्या मजल्यावर गेली. जितेशने बाण दाबला. चादरी, तोरण, तुळस, भेंडी. मितेशभाई म्हणाले, "अरे वाह, धक्कापण लागला नाही!" खेडेकर काही बोलले नाहीत. सरकारी माणूस गहिवरला की बोलत नाही, परिपत्रक काढतो. संध्याकाळी फळ्यावर लागलं:

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सोसायटीच्या उद्वाहनाची आभासी पूर्वचाचणी श्री. जितेश पाटील यांचे राहते घरी सुरू करण्यात येत आहे. प्रवासाचा आरंभ चौथ्या मजल्यावरून होत असल्याने खालील मजल्यांवरील सभासदांनी जिन्याने वर यावे व प्रवास संपल्यावर जिन्यानेच खाली जावे. पादत्राणे उद्वाहनाबाहेर काढावीत. दोन मजल्यांच्या दरम्यान कोणीही बाहेर पडू नये.'

उद्घाटन रीतसर झालं. संगणकाच्या पडद्यावर लाल फीत बांधली, मितेशभाईंनी ती कापली आणि इतके रविवार सुखरूप उतरलेला तो नारळ शेवटी जितेशच्या उंबऱ्यावर फुटला. इंदुबाईने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. "बरा प्रवास केलान याने," ती म्हणाली.

मग रीघ लागली. लिफ्ट म्हणजे लिफ्ट; इतकी वर्षं वाट बघितलेली. पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाई तीन जिने चढून, कठड्याला धरत, छातीवर हात ठेवून आल्या, खुर्चीत बसून चौथ्यावरून तळाला गेल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "लिफ्टचं किती सुख हो! दमच लागत नाही." लोक ऑफिसला निघताना आधी वर येऊन लिफ्टने खाली जात आणि मग जिन्याने खाली जाऊन रिक्षा पकडत. नियम वाढले. मुलांनी मोठ्यांबरोबरच बसावं. एका वेळी चार जणांवर जाऊ नये. चौघे एका खुर्चीत कसे मावणार, म्हणून संचिताने स्वयंपाकघरातलं स्टूल दिलं. ज्येष्ठ नागरिक म्हणून इंदुबाईला रोज सकाळचा पहिला मान. तिला उचलून खुर्चीत बसवत, भेंडीपर्यंत नेत आणि पुन्हा खाटेवर आणून ठेवत.

"आई, आज कसं वाटलं?" खेडेकर विचारायचे. त्यांना अहवाल लिहायचा असे.

"सगली दुनिया खाली गेली," इंदुबाई खिडकीकडे बघत म्हणायची. "मी एकटी वर हाय."

'प्रवासी समाधानी,' खेडेकर लिहायचे.

संचिता दिवसभर चहा करत होती. एकदा ती हातातली गाळणी तशीच धरून जितेशसमोर उभी राहिली. "अहो, हे सगळे तुमच्या त्या भातुकलीत उतरतायत, ते ठीक आहे. पण खरी लिफ्ट कधी चालवणार? हळद आली."

"पूर्वचाचणी यशस्वी झाली की लगेच. ठरलंय तसं."

"आणि नाही झाली तर?"

"कशी नाही होणार? अल्फा, म्हणजे कच्ची आवृत्ती असली तरी स्थिर आहे."

या वाक्यानंतर तासाभरात लिफ्ट अडकली.

खुर्चीत मितेशभाई होते. चादरींचा पडदा अर्धा वर गेला, तोरणाचा अर्धा आला, आणि सगळं तिथेच गोठलं. वर तिसरा मजला, खाली दुसरा. जितेशने बाण दाबला, मग दोनदा दाबला, मग अख्खा कळफलक दाबला. पाहुणा हलेना.

"भाई, उठा ना," संचिता म्हणाली. "घरी जाऊन या, तोवर हे दुरुस्त करतील."

"कैसे उठूं, भाभी?" मितेशभाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. "मजला आलेला नाही."

"दोन मजल्यांच्या दरम्यान बाहेर पडू नये," खेडेकर म्हणाले. "नियम आहे. मीच लिहिलाय."

मितेशभाई दुपारभर अडकून पडले. त्यांचं घर नेमकं खालच्या अर्ध्या पडद्यात दिसत होतं, त्याने त्यांचा जीव अधिकच कासावीस झाला. संचिताने त्यांना चहा बाजूने दिला, जाळीतून द्यावा तसा. "तोरण दिसतंय," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "घर दिसतंय, पण जाता येत नाही." अखेर जितेशने, दुसरा इलाज न राहून, व्हर्च्युअल मशीनच बंद केलं. पडदा एकदम काळा झाला. मितेशभाईंनी किंकाळी फोडली. लिफ्ट तुटून खाली जाते तेव्हा काय दिसतं, ते आपण या डोळ्यांनी पाहिलं, असं त्यांनी नंतर पार्किंगमध्ये जमलेल्यांना सांगितलं. खेडेकरांनी फळ्यावर लिहिलं: 'उद्वाहनास अपघात. सुदैवाने जीवितहानी नाही.'

त्याच संध्याकाळी तातडीची सभा झाली आणि खऱ्या लिफ्टची चाचणी बेमुदत स्थगित झाली.

"अहो काका, पण अडकली ती खरी लिफ्ट नव्हती!" जितेश जवळजवळ ओरडला. "खरी नीट चालते. नारळ उतरलाय, सिलिंडर उतरलाय!"

"जितेश," खेडेकर शांतपणे म्हणाले, "खोट्यात मोडलं तर खऱ्यात नेत नाहीत. हे कोण म्हणालं होतं?"

 वाक्य जितेशचंच होतं, आणि बिनचूक होतं.

हळद दोन दिवसांवर आली होती. आता कुणी दुसरा मुलगा असता तर त्याने काय केलं असतं, याची चर्चा इथे करण्यात अर्थ नाही. आईला उचलून न्यावं, हा विचार जितेशला शिवला नाही असंही नाही. शिवला, पण ती पद्धत त्याला अशास्त्रीय वाटली. त्याने दोष कळवला. पायरीपायरीने, चित्रासह: तिसऱ्यावरून दुसऱ्याकडे जाताना पडदा गोठतो. उत्तर आलं, 'आमच्याकडे नीट चालतं. हे खऱ्या यंत्रावर घडतं का? कृपया तिथे तपासून कळवा.' खऱ्या यंत्रावर तर बसवायचंच नव्हतं. दोष मिटल्याशिवाय कमिटी खऱ्या लिफ्टला हात लावणार नव्हती, आणि खऱ्यावर तपासल्याशिवाय पलीकडचे दोषाला हात लावणार नव्हते. जितेशने कारखान्यातून रजा काढली. पाहुण्याची मेमरी वाढवली, मग घटवली, फोटो लहान केले, पडद्यांचा क्रम बदलला. लिफ्ट दर वेळी चादरी आणि तोरणाच्या मध्ये अडकत होती.

"जितू, झाला का रं?" खाटेवरून आवाज यायचा.

"होतंय, आये. आज होईल."

"मी तुजी लिफ्ट न्हाय इचारत. हलद कवा हाय ती ध्यानात हाय ना, त्या इचारतंय."

"म्हणूनच तर करतोय ना!" तो मान न वळवता म्हणायचा.

मग ती आपल्याशीच गुणगुणायची. गळा बसायला नको म्हणून हलक्या आवाजात. कच्ची आवृत्तीच ती. मांडव नसताना म्हटलेला धवला म्हणजे दुसरं काय.

हळदीच्या सकाळी खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. धर्मामामा आला होता. बरोबर भावकीतले दोन पुतणे आणि एक लांब, घासून घासून गुळगुळीत झालेला बांबू. मिठागरात मीठ वाहताना खांद्यावर घेत, तो. त्याने दारात उभं राहून आत एक नजर टाकली. खाटेवर बहीण बसली होती. नऊवारी नेसलेली, केसात अबोलीचा गजरा, कधीची तयार. संगणकासमोर भाचा बसला होता.

"लिफ्टचा काय झाला?" धर्माने विचारलं.

"मामा, फक्त अर्धा तास. आता सापडलंय मला काय ते."

धर्माने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग चौघांच्या प्रवासासाठी ठेवलेल्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे. "ऊठ," तो म्हणाला. जितेश उठला. धर्माने खुर्ची घेतली, बांबू खालून घालून सुंभाने आवळला, बहिणीला उचलून वर बसवलं. हे सगळं व्हायला, पाहुणा चालू व्हायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळ लागला.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर खेडेकर आडवे आले. "थांबा, थांबा! ही पद्धत मंजूर नाही. याची चाचणी झालीय का?"

"करू ना," धर्मा म्हणाला. "नारल द्या. पयला त्याला बसवतू."

खेडेकरांनी खरोखर एकदा मागे वळून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की नारळ उद्घाटनात फुटला. ते बाजूला झाले.

आणि इंदुबाईने गळा सोडला. वर्षभर खिडकीशी अडवून ठेवलेला आवाज जिन्याच्या पोकळीत घुमत गेला.

*पयली गो हलद, कोनाच्या दारीची*
*बांधावरचे भेंडीला, सावली माहेरची*
*दुसरी गो हलद, कोनाच्या कपाली*
*मी उतरले बाय गो, माज्याच शेताखाली*

दारं उघडली. विमलाबाई तुळशीपाशी उभ्या राहिल्या, हात जोडून. मितेशभाई तोरणाखाली आले. खुर्ची त्यांच्या दारासमोरून हलकेच, न अडकता पुढे गेली आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. संचिताने पिशवी घेतली, चपला पायात सरकवल्या आणि दारातून वळून म्हणाली, "अहो, चला ना!"

"तू हो पुढे," जितेश म्हणाला. "हे नीट बंद करून आलोच."

तो बंदच करत होता. पण पाहुण्याला एकाएकी उठवून लावता येत नाही, त्याची सद्यस्थिती जतन करावी लागते. जतन करता करता, नुसतं सवयीने, त्याने बाण दाबला. चादरी वर गेल्या. आणि तोरण आलं. अख्खं. मग तुळस. मग भेंडी.

"उतरली!" जितेश ओरडला. "आये, उतरली बघ!"

घरात कुणी नव्हतं.

खाली, गेटापाशी, इंदुबाईने खुर्ची थांबवायला लावली होती. हे संचिताने नंतर सांगितलं. भेंडीच्या बुंध्याला तिने हळदीचं पहिलं बोट लावलं आणि डोळे मिटून जरा वेळ बसली. "लागला," म्हणाली. "काय लागला?" धर्माने विचारलं. "वारा रं." मग तिने वर चौथ्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं. जितेश खिडकीपासून दोन हातांवर होता, पण त्याची पाठ तिच्याकडे होती. तो पडद्यावरची भेंडी बघत होता. तिच्याखाली कुणीच नव्हतं. फोटो शनिवारचा होता. टेम्पो वळला, तेव्हा तो लिहीत होता: 'दोष आता दिसत नाही. कारण कळलेलं नाही. कृपया बंद करावा.'

उत्तर लगेच आलं: 'आभार.'

आता तुम्ही जितेशची कीव कराल. अवश्य करा, तो ती हसत स्वीकारेल, त्याला अभिप्रायाची सवय आहे. पण इंदुबाईंच्या खुर्चीमागून तुम्हीही आत्ता चार जिने उतरलात, भेंडीखाली थांबलात, वारासुद्धा जरासा लागल्यासारखा वाटला. जरा आपल्या पायांकडे बघा. बसल्या जागचे ते हललेले नाहीत. आणि मघाशी, साधारण नारळ फुटला त्या सुमाराला, आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला हाक मारली होती. तुम्ही 'आलोच' म्हणाला होतात.